बिनमागाचा विणकर

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आंधळगाव नावाचं एक गाव आहे. नाव जरा विचित्र, पण गावचं काम मात्र डोळ्यांत तेल घालून करायचं! कोशाचं कापड विणणाऱ्यांचं हे गाव. कोसा म्हणजे टसर रेशीम. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्या स्वतःभोवती कोश विणतात. त्या कोशांतून धागा काढायचा आणि हातमागावर त्याची साडी विणायची. या कापडाला मधासारखा पिवळसर तपकिरी रंग असतो, आणि तो जन्मतःच असतो!

माग आता पूर्वीइतके राहिले नाहीत. पण तुम्ही कधी असा माग चालताना पाहिला असेल, तर आठवून बघा. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायानं पावडी दाबली की ताण्याचे उभे धागे वरखाली होतात. मधून धोटा सुर्रकन जातो, आडवा धागा टाकतो. मग फणी ठोकायची. खट्... खट्... खट्. आणखी एक माणूस रहाटावर कांड्या भरत असतो.

आता एक गंमत करू. समजा, या घरात एक अनोळखी माणूस शिरला. त्याच्याकडे माग नाही, धोटा नाही, धाग्याची एक गुंडी नाही. आहे काय, तर फक्त एका नक्षीचा कागद. तो गुपचूप जुना कागद काढतो आणि आपला कागद लावतो. घरातली माणसं बिचारी सवयीनं पावडी दाबत राहतात, कांड्या भरत राहतात. संध्याकाळी बघतात तर काय, साडीऐवजी मागावर त्याच माणसाच्या नक्षीचे हजार कागद तयार! आणि घरातला धागा संपून गेलेला.

असा माणूस खरोखर नसतो. पण असा एक विषाणू आहे. आणि तुमच्यापैकी पुष्कळांच्या अंगात तो या क्षणी गाढ झोपलेला आहे! दचकू नका, पुढे वाचा.

आजीची नागीण, नातवाच्या कांजिण्या

असंच एखादं विणकराचं घर डोळ्यांसमोर आणा. आजीच्या बरगडीखाली तीन-चार दिवसांपासून आग होतेय, चमका मारतायत. आधी वाटलं, दिवसभर रहाटावर बसून पाठ धरली असेल. मग त्याच जागी लाल चट्टा उठला आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड आले. पाठीपासून पोटाकडे येणारा एक पट्टाच म्हणा ना.

शेजारची बाई बघायला आली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "नागीन होय व माय हे! शेपटी तोंडाले भिडली का संपलं!"

झालं! घरात सगळे गप्प. कुणी म्हणालं गेरू लावा, कुणी म्हणालं मंतरून आणा. नातू म्हणाला, "आजी, दवाखान्यात चाल ना." पण पोराचं कोण ऐकतं? आणि मग पंधरा-वीस दिवसांनी त्याच नातवाला ताप भरला. अंगभर फोड उठले. कांजिण्या! आता शेजारीण काय म्हणणार? नागिणीनं पोरालाही फुत्कार मारला?

खरं म्हणजे दोघांच्या अंगावर उठलेला विषाणू एकच होता. त्याचं नाव व्हॅरिसेला-झोस्टर. हा हर्पीस घराण्यातला. ओठावर ताप गेल्यावर जर उठतात ना, ते उठवणारा हर्पीस सिम्प्लेक्स हा त्याचा चुलतभाऊ.

आणि नावाची मजा ऐका. 'हर्पीस' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'सरपटणं' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. भाषा अभ्यासणारे सांगतात की, ते ग्रीक क्रियापद आणि आपल्या 'सर्प' शब्दातला धातू हे एकाच मुळातून फुटलेले. म्हणजे तिकडच्या वैद्यांना जे सरपटताना दिसलं, तेच आपल्या आज्यांनाही दिसलं! आणि 'झोस्टर' म्हणजे कमरेचा पट्टा.

दोन रोगांचा एकच चोर

हे दोन रोग एकाच विषाणूचे आहेत, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला. १८९२ साली बुडापेस्टमधले डॉक्टर बोके यांच्या लक्षात आलं की, घरात मोठ्या माणसाला नागीण झाली, की काही दिवसांनी पोरांना कांजिण्या होतात. आपल्या गोष्टीतल्या आजी-नातवासारखंच!

१९५० च्या दशकात अमेरिकेचे थॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांच्या फोडांतलं पाणी घेऊन त्यातला विषाणू वाढवला. दोन्हीकडे तोच निघाला. पण तो वाढवला कशात, हे महत्त्वाचं आहे. जिवाणूंना तुम्ही मटणाच्या सूपात किंवा साखरेच्या पाण्यात घातलं, तर ते आनंदानं वाढतात. विषाणूला मात्र पंचपक्वान्नांचं ताट वाढलं तरी तो ढिम्म हलत नाही. त्याला जिवंत पेशी लागते. वेलर यांनी माणसाच्या जिवंत पेशी काचेच्या नळीत वाढवल्या आणि त्यांच्यात विषाणू सोडला. तेव्हा कुठे तो वाढला.

मग राहिला एक प्रश्न. आजीला आता कुणाचा संसर्ग झाला? इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावचे एक साधे डॉक्टर होते, एडगर होप-सिम्पसन. आपल्या दवाखान्याच्या साडेतीन हजारांच्या आसपास माणसांमधल्या नागिणीच्या रुग्णांची त्यांनी सोळा वर्षं नोंद ठेवली. त्यांना दिसलं की, कांजिण्यांची साथ येते तशी नागिणीची साथ येत नाही. आणि वय वाढेल तशी नागीण जास्त होते. १९६५ साली त्यांनी सांगितलं की, हा विषाणू बाहेरून येतच नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या, तेव्हापासून तो अंगातच दडून बसलेला असतो. पुढच्या संशोधनानं त्यांचं म्हणणं खरं ठरवलं.

ना प्रयोगशाळा, ना मोठं यंत्र. एक वही, एक पेन आणि सोळा वर्षांची चिकाटी!

चला, पेशीत शिरू

आता या चोराच्या मागोमाग आपणही आत जाऊ. हा विषाणू केवढा? असे पाच हजार विषाणू ओळीनं ठेवले, तर ओळ भरेल जेमतेम एक मिलिमीटर! बाहेर चरबीचं पातळ आवरण, त्यात वीस बाजूंची एक डबी, आणि डबीत गुंडाळलेला डीएनएचा धागा. हाच तो नक्षीचा कागद. त्यावर सुमारे सव्वा लाख अक्षरं आणि सत्तरेक जनुकं आहेत. आपल्या एका पेशीत प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत सुमारे वीस हजार. वीस हजारांच्या घरात हा सत्तरवाला कारभार करतो, तो कसा?

शास्त्रज्ञांनी सगळ्यात जास्त अभ्यास केलाय तो हर्पीस सिम्प्लेक्सचा. म्हणून वाट मुख्यतः त्याचीच बघू. भावाची तऱ्हा साधारण तशीच.

पहिली पायरी, दार. आपल्या पेशींच्या अंगावर प्रथिनं असतात. त्यांतलं एक नेक्टिन. शेजारशेजारच्या पेशींनी एकमेकींचा हात धरून राहावं, म्हणून ते असतं. हर्पीस तोच हात धरतो! पेशीला वाटतं शेजारीण आली, आणि दार उघडतं.

दुसरी पायरी, वाट. पेशीचं केंद्रक आत खोलवर असतं. विषाणूला ना पाय, ना चाकं. पण पेशीत बारीक नळ्यांचे रस्ते असतात, आणि त्यांवरून ओझी वाहणारी हमाल प्रथिनं असतात. डायनीन हा हमाल माल आतल्या बाजूला नेतो. विषाणूची डबी त्याच्या खांद्यावर बसते आणि केंद्रकाच्या दाराशी उतरते. केंद्रकाला छिद्रं असतात. डबी तिथं टेकते आणि आपला डीएनए आत सोडते.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. नक्षी घरात आली, पण माग चालू कोण करणार? विषाणू सोबत एक प्रथिन आणतो, व्हीपी-१६ नावाचं. ते एकटं मात्र काहीच करू शकत नाही. त्याला पेशीतले दोन कामगार लागतात. एक एचसीएफ-१ आणि दुसरा ऑक्ट-१. हे दोघं एरवी पेशीचीच कामं करतात. पेशीची जनुकं चालू करणं, पेशीला वाढायला आणि दुभागायला मदत करणं, असली. व्हीपी-१६ या दोघांना हाताशी धरतं. तिघं मिळून विषाणूच्या डीएनएवर बसतात आणि पहिली जनुकं चालू होतात. त्या एचसीएफचं पूर्ण नाव काय आहे माहीत आहे? 'होस्ट सेल फॅक्टर'. म्हणजे 'यजमान पेशीतला घटक'! शास्त्रज्ञांनी नावच असं ठेवलंय की, पाहुण्याचं काम कोणामुळे चालतं ते लगेच कळावं.

चौथी पायरी, विणकाम. डीएनएवरचा निरोप उतरवून घेणारं यंत्र पेशीचं. त्या निरोपावरून प्रथिनं विणणारे रायबोसोम पेशीचे. कच्चा माल पेशीचा आणि ताकदही पेशीची. विषाणूच्या कागदावर काही स्वतःच्या हत्यारांची कृती असते, हे खरं. स्वतःचा डीएनए भराभर विणणारं एक यंत्र, डीएनए पॉलिमरेज, तो बनवून घेतो. पण तेही घडतं पेशीच्याच रायबोसोमवर!

मग नव्या डब्या तयार होतात, त्यांत डीएनए भरला जातो. बाहेर पडताना पेशीच्याच पडद्याचं आवरण अंगाभोवती लपेटलं जातं. आणि बाहेरच्या दिशेनं ओझी नेणारा दुसरा हमाल, कायनेसिन, त्यांना पोचवून देतो. माग थांबतो. पेशी मरते. कातडीवर फोड येतो, तो अशा हजारो पेशींच्या मरणाचा.

चोर झोपतो कुठे?

काही दिवसांत आपलं शरीर लढून जिंकतं. खपल्या पडतात, पोरगं पुन्हा खेळायला जातं. पण काही विषाणू मज्जातंतूंमधून सरपटत वर गेलेले असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मज्जापेशींच्या गाठी असतात. तिथल्या पेशींत शिरून ते नक्षीची गुंडाळी करून ठेवतात आणि गप्प बसतात. वीस वर्षं, चाळीस वर्षं, साठ वर्षं!

त्याला तिथं झोप का लागते? याचा एक धागा हर्पीस सिम्प्लेक्सच्या अभ्यासात सापडला. १९९९ साली उंदरांच्या मज्जापेशींत असं दिसलं की, तो कामगार एचसीएफ-१ तिथं एरवी केंद्रकात नसतोच. तो केंद्रकाबाहेर थांबलेला असतो. म्हणजे कागद माजघरात आणि कामगार ओसरीवर! विषाणूला जागं करणारा ताण पेशीवर आला की, हा कामगार केंद्रकात जातो. तेव्हा कागदाला हात मिळतो. एवढंच एक कारण आहे असं नव्हे, पण बघा, झोपायला आणि उठायलासुद्धा याला घरचंच माणूस लागतं.

वय झालं, मोठं आजारपण आलं, शरीराची राखण ढिली पडली की, व्हॅरिसेला-झोस्टर एखाद्या गाठीत जागा होतो आणि त्याच मज्जातंतूवरून खाली कातडीकडे येतो.

आणि आता नागिणीच्या शेपटीचं उत्तर! प्रत्येक गाठ शरीराच्या एकाच बाजूच्या एका पट्ट्याची खबर ठेवते. डाव्या गाठीचा तंतू डावीकडेच. म्हणून फोडांचा पट्टा पाठीच्या मध्यावर सुरू होतो आणि पोटाच्या मध्यावर थांबतो. सहसा तो पलीकडे जातच नाही. म्हणजे शेपटीनं तोंडाला भिडायचं असेल तर दोन्ही बाजूंच्या दोन गाठींत विषाणूनं एकाच वेळी उठायला हवं. असं क्वचितच होतं. आणि झालंच, तरी दोन टोकं जुळली म्हणून माणूस मरत नाही. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या माणसाच्या अंगभर फोड पसरले, तर मात्र खरा धोका असतो, आणि त्याला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं.

मग नागिणीला भ्यायचं नाही का? भ्यायचं, पण शेपटीला नाही, उशिराला! फोड सुकल्यावरही काहींची आग महिनोन्‌महिने जात नाही. पदराचा स्पर्श सहन होत नाही. मागावर किंवा रहाटावर बसायचं तर लांबच. आणि कपाळावर, डोळ्याच्या आसपास नागीण उठली तर दृष्टी जाऊ शकते.

टोक नसलेला धागा

विषाणूवर औषध शोधणं एवढं अवघड का, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. माग आपला, कामगार आपले. माग मोडला तर आपलंच घर बुडणार! जिवाणूंची यंत्रं वेगळी असतात, म्हणून अँटिबायोटिक त्यांना मारतं आणि आपल्याला सहसा सोडतं. विषाणूवर ते चालत नाही.

ही कोंडी फोडली गर्ट्रूड एलियन यांच्या गटानं. एलियन १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या. पंधरा वर्षांच्या होत्या तेव्हा आजोबा कर्करोगानं गेले आणि त्यांनी ठरवलं, औषधंच शोधायची. शिक्षण झालं, पण बाई म्हणून प्रयोगशाळांनी दारं लावून घेतली. डॉक्टरेट त्यांना कधीच पूर्ण करता आली नाही. १९४४ साली एका औषध कंपनीत जागा मिळाली आणि मग त्या थांबल्याच नाहीत. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं!

१९७७ साली त्यांच्या गटानं अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध कसं काम करतं ते जगाला सांगितलं. युक्ती अशी. डीएनएच्या धाग्यात कड्या एकीला एक गाठ मारत जोडल्या जातात. हे औषध म्हणजे हुबेहूब तशी दिसणारी एक खोटी कडी आहे. पण तिला पुढची गाठ मारायचं टोकच नाही! ती जोडली गेली की धागा तिथंच खुंटला.

मग ती आपला धागा का खुंटवत नाही? कारण गोळीतली कडी तशीच वापरता येत नाही. तिला आधी तीन खिळ्या बसवाव्या लागतात. पहिली खिळी जवळजवळ फक्त विषाणूचं एक एन्झाइम बसवतं, थायमिडीन कायनेज त्याचं नाव. ते निरोगी पेशीत नसतं, म्हणून तिथं कडी निकामी पडून राहते. विषाणू शिरलेल्या पेशीत मात्र विषाणू स्वतःच पहिली खिळी बसवतो, आणि पुढच्या दोन कोण बसवतं सांगा? आपल्याच पेशीचे कामगार! इतके दिवस चोराची चाकरी केली, आता त्याचाच काटा काढला.

पण हे औषध झोपलेल्या विषाणूला काही करू शकत नाही. विणकाम चालू असतानाच धागा तोडता येतो. म्हणून घाई हवी. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत, म्हणजे ७२ तासांत, औषध सुरू झालं तर सगळ्यात चांगलं. गेरू आणि मंत्र यांचं खरं नुकसान इथं आहे. ते विषाणूला तीन दिवस फुकट देतात.

आणि लशी? जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांच्या लहान मुलाला कांजिण्या फार जोरात झाल्या होत्या. तो त्रास त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि १९७४ साली कांजिण्यांची लस तयार केली. नागिणीसाठी आज जी नवी लस आहे, तिला २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ती पन्नाशीपुढच्या लोकांना देतात आणि भारतातही मिळते. तिच्यात विषाणू नसतोच. त्याच्या अंगावरचं एकच प्रथिन असतं, आणि ते हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींकडून विणून घेतात. म्हणजे चोराची युक्ती शास्त्रज्ञांनी चोरली. दुसऱ्याच्या मागावर त्यांनी चोराची अर्धीच नक्षी विणली, आणि ती शरीराला दाखवली. चोर ओळखायला तेवढी पुरते!

खूणगाठ बांधा

* घरात कुणाला एकाच बाजूला आग होऊन फोडांचा पट्टा उठला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा. कपाळावर किंवा डोळ्याजवळ असेल तर क्षणभरही थांबू नका.

* ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला नागिणीच्या ओल्या फोडांमुळे कांजिण्या होऊ शकतात. फोड स्वच्छ कापडानं झाकलेले असू द्या. तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांना जपा.

* कांजिण्या झाल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत जायचं नाही. नखं कापा, खाजवू नका.

* कांजिण्यांच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही. त्यानं यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच.

आता पुन्हा एकदा त्या घरात जाऊ. या वेळी शेजारीण "नागीन होय व माय!" म्हणते, तेव्हा नातू गप्प बसत नाही. तो म्हणतो, "काकू, नागीनच होय. पण तिची शेपटी नाही, आपल्याले दिवस मोजाचे हायेत. आज दुसरा हाय. आजी, चाल."

पोराचं कोण ऐकतं, असं आपण मघाशी म्हणालो होतो. पण ज्याला कारण सांगता येतं, त्याचं ऐकतात बरं का! तुम्हाला आता ते सांगता येईल.